बँकेने दिलेला ‘लोन इन्शुरन्स’ म्हणजे घराचा विमा नव्हे: पुण्याचा फ्लॅट आणि चिपळूणचं घर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर ७०० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट घेताय, किंमत ८५ लाख. बँकेतल्या माणसाने कर्जाच्या कागदांसोबत ‘लोन इन्शुरन्स’चा फॉर्म पुढे सरकवलाय. प्रीमियम साठ हजार, तोही कर्जातच मिसळून. शिवाय चिपळूणला बाजारपेठेजवळ जांभ्याचं कौलारू घर आहे. तिथे आई-बाबा राहतात, पुढच्या गाळ्यात धाकट्या भावाचं स्टेशनरीचं दुकान आहे, घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते आणि २०२१ च्या जुलैत घरात पुरुषभर पाणी होतं. मेहुणे म्हणतात, घराचा विमा म्हणजे पैसे पाण्यात. तर घ्यायचा का, आणि घ्यायचाच तर बँकेकडूनच का?

मी विमा विकत नाही. नुकसान झाल्यावर कंपनी पाहणीला ज्याला पाठवते तो सर्व्हेअर आहे, आणि माझं बरंचसं काम पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात चालतं. पॉलिसी माझ्या हातात येते ती घर जळाल्यावर किंवा बुडाल्यावरच. तेव्हा बहुतेक घरांत वाद पैसे किती मिळणार यावरून सुरू होत नाही. आपण नक्की कशाचा विमा काढला होता हेच लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं, आणि तिथून वाद सुरू होतो. म्हणून ‘घ्यायचा का’ हे नंतर बघू, आधी ‘कशाचा’ ते बघू. तुमच्या बाबतीत चार निरनिराळी नुकसानं संभवतात: हप्ते भरणारा माणूस जाणं, पुण्याच्या इमारतीचं किंवा चिपळूणच्या घराचं काही होणं, दोन्ही घरांतल्या सामानाचं काही होणं, आणि भावाच्या दुकानातला माल जाणं. या चारांना एक पॉलिसी पुरत नाही.

बँकेच्या फॉर्मपासून सुरुवात करतो, कारण त्यावर सही करायची घाई तुम्हाला असणार. साठ हजार एकरकमी आणि वीस वर्षांच्या कर्जाला जोडलेला म्हणजे बहुधा तो आयुर्विमा आहे. तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज फिटेल. पण उद्या स्वयंपाकघरात आग लागून अर्धा फ्लॅट काळा झाला आणि तुम्ही धडधाकट असाल, तर त्या पॉलिसीतून एक रुपया येत नाही. काही पॅकेजांत आयुर्विम्यासोबत घराचाही विमा घातलेला असतो, त्यामुळे नावावर जाऊ नका. फॉर्मवर विमा कंपनीचं नाव वाचा. ती आयुर्विमा कंपनी असेल तर घराच्या भिंतींशी त्या कागदाचा संबंध नाही. भिंतींचा विमा सर्वसाधारण विमा कंपनीच काढते.

कर्जात मिसळायचं गणितही एकदा मांडून बघा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी साठ हजार घेतले तर त्यांचा महिना हप्ता साधारण ५२० रुपये पडतो, म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही सव्वा लाखाच्या आसपास भरता. घर लवकर विकलंत किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत नेलंत, तर त्या आयुर्विम्याचं पुढे काय होतं हे लेखी विचारा. त्यापेक्षा तुमच्या वयाला साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा आयुर्विमा, स्वतंत्र काढून बघा. घरचे तुमच्या पगारावर अवलंबून असतील तर तो हवाच, कर्ज असो वा नसो. बँकेच्या करारात घराचा विमा ठेवण्याची अट बहुधा असते आणि ती रास्तही आहे, कारण घर तिच्याकडे गहाण आहे. पण तो विमा अमुकच कंपनीकडून घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. कोणी तोंडी तसं म्हणालं तर ‘हे मला मेलवर पाठवा’ एवढंच म्हणा. मेल सहसा येत नाही.

आता घराचा खरा विमा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली, तिचं नाव ‘भारत गृह रक्षा’. आग वगैरेंचा विमा देणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती ठेवावीच लागते आणि मूळ मजकूर सगळीकडे सारखा असतो. त्यामुळे कंपन्यांची तुलना करताना मुख्यतः प्रीमियम, वरून घ्यायची जोड कव्हरं आणि क्लेमच्या वेळची वागणूक एवढंच बघायचं उरतं. आग, स्फोट, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं, बाहेरची वस्तू आदळणं, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीत भूकंप वेगळे पैसे भरून जोडावा लागायचा, आणि तो कितीतरी लोकांनी जोडलेला नसायचा.

सर्वांत मोठा गैरसमज विमा रकमेबद्दल असतो. तुमच्या फ्लॅटची किंमत ८५ लाख आहे म्हणून विमा ८५ लाखांचा लागत नाही. ८५ लाखांत जागेची किंमत आहे, सिंहगड रस्त्याची किंमत आहे, बिल्डरचा नफा आहे. आग लागली तरी जागा जागेवरच राहते. विमा काढायचा तो बांधकाम पुन्हा उभं करायच्या खर्चाचा: कार्पेट क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. उदाहरणासाठी चौरस फुटाला २,८०० रुपये धरले तर ७०० चौरस फुटांचे १९ लाख ६० हजार होतात. दर तुमच्या इमारतीच्या दर्जाप्रमाणे वरखाली होईल. तो एखाद्या ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला विचारा, एजंटाला नको. एवढ्या रकमेच्या विम्याला वर्षाचा प्रीमियम सहसा हजाराच्या घरात येतो. कंपनीगणिक फरक असतो, पण मेहुणे म्हणतात त्या ‘पाण्यात’ जाणाऱ्या पैशांचा आकडा साधारण एवढाच आहे. एका वेळच्या बाहेरच्या जेवणाला चौघांचं याहून जास्त बिल होतं.

बांधकामाचा विमा काढलात की घरातल्या सामान्य सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के इतकं संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आणि त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. तुमच्या हिशेबात ते ३ लाख ९२ हजार होतात. नव्या घरात मॉड्युलर किचन, दोन एसी, फ्रिज, टीव्ही, पलंग असं धरलं तर ही रक्कम पुरेलही, कदाचित थोडी कमी पडेल. कमी पडत असेल तर यादी देऊन वाढवून घ्या. भिंतीत कायम बसवलेलं फर्निचर बांधकामात धरायचं की सामानात, हे कंपनीकडून लेखी घ्या. क्लेमच्या वेळी त्यावरून फार घोळ होतात. दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांना वेगळं जोड कव्हर लागतं आणि किंमत आधी ठरवून घ्यावी लागते. रोख रक्कम मात्र यात सहसा येत नाही.

आणखी एक गोष्ट या पॉलिसीत चांगली केलीय. विम्याच्या जुन्या पद्धतीत तुम्ही विमा निम्म्याच रकमेचा काढला असेल, तर नुकसानही निम्मंच मिळायचं. वीस लाखांचं घर, विमा दहा लाखांचा, स्वयंपाकघर जळून चार लाखांचं नुकसान, तर हातात दोनच लाख. लोकांना हे पटवून देताना माझा घसा कोरडा पडलाय. ‘भारत गृह रक्षा’त ही कपात नाही, विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान मिळतं. दुसऱ्या कुठल्या नावाची ‘होम पॉलिसी’ कोणी दाखवली तर पहिला प्रश्न हाच विचारा.

आता जे मिळत नाही ते. ही पॉलिसी ठरावीक घटनांची आहे, त्या यादीत नसलेलं काहीही मिळत नाही. पुण्या-मुंबईतले निम्मे लोक विम्याबद्दल विचारतात ते ओल, गळती आणि पोपड्यांसाठी. ते यात नाही. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून दोन पावसाळे झिरपत आलेलं पाणी हा सोसायटीच्या कमिटीपुढचा विषय आहे, विम्याचा नाही. पण त्याच बाथरूममधला पाइप दुपारी अचानक फुटला आणि तुमचं पीओपी खाली आलं, तर ते यात बसतं. नव्या इमारतीच्या भिंतींना बांधकाम खाली बसताना पडणारे बारीक तडेही यात नाहीत. वाळवी नाही. बिल्डरने केलेलं वाईट बांधकामही नाही.

चोरी. हे नीट वाचा, कारण यावर सर्वांत जास्त लोक हबकतात. मूळ पॉलिसीत चोरी आहे ती फक्त अशी: आग, पूर अशा एखाद्या घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली. तुम्ही दिवाळीला चिपळूणला गेलात आणि कोणी कुलूप तोडून घर साफ केलं, तर त्यासाठी घरफोडीचं वेगळं कव्हर लागतं. तिसऱ्या मजल्यावर, वॉचमन आणि कॅमेरे असलेल्या सोसायटीत ते घ्यायचं की नाही ही तुमच्या मनाची गोष्ट आहे. घर सतत बंद राहत असेल तर मी घेईन, पण बंद घराबद्दल त्या कव्हरमध्ये काय अटी आहेत त्या वाचूनच.

विजेच्या उपकरणांचंही असंच. शॉर्टसर्किटने गीझर जळाला तर तो गीझर मिळत नाही. गीझरमधून आग पसरून बाथरूमचं दार आणि बाहेरचं कपाट गेलं तर दार आणि कपाट मिळतं. गाड्याही घराच्या विम्यात नसतात, मग त्या तुमच्याच पार्किंगमध्ये का असेनात. तुमच्या भागात २५ जुलै २०२४ ला काय झालं ते आठवत असेल. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकता नगरीत तळमजले आणि पार्किंग पाण्याखाली गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या दिवाणखान्यात पाणी येत नाही, पण खाली त्याची दुचाकी बुडते, लिफ्टची मोटर जाते, मीटररूम जाते. दुचाकीसाठी वाहनाची सर्वसमावेशक पॉलिसी लागते, नुसती थर्ड पार्टी चालत नाही. लिफ्ट आणि मीटररूमसाठी सोसायटीची पॉलिसी.

इथे सोसायटीचा मुद्दा येतोच, आणि माझ्या मते पुण्याच्या घराबाबत तुमचा मुख्य प्रश्न हाच असायला हवा होता. बहुमजली इमारतीत तुमचा फ्लॅट एकटा उभा नाही. खांब, तुळया, गच्ची, पाण्याच्या टाक्या, जिने सगळ्यांचे आहेत. उद्या भूकंपात इमारतीला मोठा धक्का बसला आणि तुमच्या एकट्याकडे पॉलिसी असली, तर तुमच्या १९ लाख ६० हजारांत बाकीच्यांचे खांब दुरुस्त होणार नाहीत. संपूर्ण इमारतीचा विमा सोसायटीने काढला असेल तरच ती पुन्हा उभी राहू शकते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत विम्याचा आकार, म्हणजे शुल्क, हे एक वेगळं खातंच आहे, आणि तो प्रत्येकाच्या बिल्टअप क्षेत्राच्या प्रमाणात वाटायचा असतो. तरी किती सोसायट्यांच्या मेंटेनन्सच्या बिलात तो दिसतो ते बघा. वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीच्या वार्षिक करारावर तासभर चर्चा होते आणि इमारतीच्या विम्याला कोणी हात लावत नाही.

म्हणून ताबा घेताना सेक्रेटरींना विचारा: इमारतीचा विमा आहे का, किती रकमेचा, तारीख कधी संपते, त्यात भूकंप आणि पूर आहे का? पॉलिसीची प्रत मागा, सभासद म्हणून मागायला काही हरकत नाही. ती पॉलिसी धड असेल तर तुम्ही तुमच्यापुरता सामानाचा आणि तुम्ही स्वतः करून घेतलेल्या आतल्या कामाचा विमा काढलात तरी चालेल, फक्त बँकेला ते मान्य आहे का बघा. सोसायटीची पॉलिसी नसेल किंवा नुसती कागदोपत्री असेल, तर स्वतःचा बांधकाम आणि सामान असा दोन्हींचा विमा काढा. स्वयंपाकघरातली आग, पाइप फुटणं, शेजारच्या घरातून आलेली आग अशा एका फ्लॅटपुरत्या नुकसानाला तो पूर्ण उपयोगी आहे, आणि माझ्याकडे येणारे फ्लॅटचे क्लेम बहुतेक असेच असतात. जाता जाता सांगतो, गॅस सिलिंडरमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी काढलेला वेगळा विमा असतो आणि त्यात नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानाला घटनेमागे २ लाखांपर्यंत तरतूद आहे. तो मागायचं लोकांना सुचतच नाही. डीलरकडे लेखी कळवावं लागतं.

पुण्याबद्दल माझं मत एकत्र सांगतो. तुमच्या फ्लॅटला मोठं नुकसान व्हायची शक्यता कमी आहे. पण झालं तर पंधरा-वीस लाख खिशातून घालून वर कर्जाचा हप्ता चालू ठेवावा लागेल, ते तुम्हाला झेपणारं नाही. असं कमी शक्यतेचं पण कंबर मोडणारं नुकसान असेल आणि प्रीमियम वर्षाला हजाराच्या घरात असेल, तर मी विमा घेतो. कोणी सगळं घर स्वतःच्या पैशांनी पुन्हा बांधू शकत असेल, तर त्याने नाही घेतला तरी मी वाद घालणार नाही. भाडेकरूने फक्त सामानाचा घ्यावा. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची मिळते आणि एकाहून अधिक वर्षांच्या पॉलिसीत विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा प्रीमियम न भरता. म्हणून नोकरदार माणसाने लांब मुदतीची घेणं सोयीचं, नूतनीकरण विसरायचा धोका राहत नाही. मध्येच घर विकलंत तर ती रद्द करून उरलेल्या मुदतीचा प्रीमियम परत मागता येतो.

चिपळूणच्या बाबतीत मला विचारही करावा लागला नाही. घ्या.

वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या काठच्या बाजारपेठेला पूर नवा नाही. २००५ ला आला, २२ जुलै २०२१ ला त्याहून मोठा आला. अशा जागी पुराचं कव्हर असलेली पॉलिसी अजून साध्या दरात मिळत असेल तर ती सोडू नये. पण तिथे तीन-चार गोष्टी आधी निस्तराव्या लागतील.

पहिली, नाव. घरपट्टी आजोबांच्या नावाने येते म्हणजे मालमत्ता पत्रकावरही वारसनोंद झाली नसावी. ज्याचं त्या घरात मालकीचं हित आहे त्यालाच विमा काढता येतो. तुमचे वडील वारस आहेत आणि तिथे राहतात, त्यामुळे ते काढू शकतात. मात्र काका-आत्यांचा हिस्सा असेल तर क्लेमचे पैसे कोणाला द्यायचे यावर कंपनी अडून बसेल, आणि त्या वेळी मुंबईच्या आत्याची सही मिळवायला सहा महिने जातील. वारसनोंद आत्ता करून घ्या. ती होईपर्यंत प्रस्तावात, म्हणजे विम्याच्या अर्जात, सगळ्या वारसांची नावं स्पष्ट लिहा. खोटं सोपं उत्तर लिहू नका.

दुसरी, पूर्वीचा पूर. प्रस्तावात आधीच्या नुकसानाबद्दल विचारलं असेल तर २०२१ चं पाणी लिहा, किती उंच आलं तेही लिहा. एजंट म्हणेल ‘कशाला लिहिता’. लिहा. घर पूररेषेत येत असेल तर तेही. कंपनीने हे वाचून पॉलिसी दिली, तर क्लेमच्या वेळी ‘तुम्ही लपवलंत’ असं म्हणायला तिला जागा राहत नाही. जांभ्याच्या भिंती आणि कौलं असलेलं घर सहसा पक्क्या बांधकामात धरतात. गवत, बांबू, ताडपत्री, फळ्या यांच्या भिंती किंवा छप्पर असलेली घरं कच्च्यात जातात. मागच्या पडवीला ताडपत्री किंवा फळ्या मारल्या असतील तर ती पडवी वेगळी दाखवा.

तिसरी, दुकान. हे फार लोक विसरतात. घराचा विमा पुढच्या गाळ्यातल्या वह्या, पेनं, झेरॉक्स मशीन यांना लागू होत नाही. त्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांची प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात मघाशी सांगितलेली निम्म्या रकमेची कपात लागू शकते. कमी विमा १५ टक्क्यांपर्यंत असेल तर माफ आहे, त्यापुढे कापतात. म्हणून भावाला सांगा, विमा रक्कम जून महिन्यातल्या मालावर ठरव. शाळा सुरू होताना स्टेशनरीच्या दुकानात जेवढा माल असतो तेवढा वर्षभर नसतो, आणि कोकणात पूर नेमका त्याच सुमारास येतो. खरेदीची बिलं आणि जीएसटीची रिटर्न्स यांच्याशी माल जुळला पाहिजे. दुकानाच्या क्लेममध्ये मी सर्वांत आधी तेच काढून बसतो.

बांधकामाचा हिशेब वरच्यासारखाच. घर १,४०० चौरस फूट आणि दर २,४०० धरला तर ३३ लाख ६० हजार, म्हणजे सामान ६ लाख ७२ हजारांपर्यंत आपोआप. जांभ्याचं काम करणारा गवंडी आणि सागवानी वासे आजच्या भावात काय पडतात ते तिथल्याच माणसाकडून घ्या, पुण्याचा आरसीसीचा दर तिथे चालवू नका. पुरात छप्पर बहुधा वाचतं, जोतं आणि भिंतींचा खालचा भाग जातो. वादळात उलट होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे घरांचे वासे तसेच आणि वर एक कौल नाही, अशी अवस्था होती. शिवाय कुंभार्ली घाट चढून गेलं की कोयना. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप बाबांना आठवत असेल. त्यामुळे तिथे ‘पूर तेवढा द्या’ असं न म्हणता सगळी पॉलिसी घ्या.

क्लेमच्या वेळी काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण चिपळूणला त्याची गरज पडू शकते. पूर ओसरला की घरात घोटाभर गाळ असतो. फ्रिज पाण्यावर तरंगून पलंगावर आडवा पडलेला असतो, मिठाच्या बरणीत चिखल असतो, दारं फुगून चौकटीत अडकलेली असतात. माणसाला पहिली इच्छा होते ती हे सगळं बाहेर फेकून घर धुवायची, आणि रोगराईमुळे ते करावंही लागतं. सर्व्हेअर रस्ते मोकळे झाल्यावर पोचतो, तेव्हा बऱ्याच घरांत त्याला धुतलेल्या फरश्या आणि रिकाम्या खोल्या दिसतात. २०२१ नंतर पाहिलेल्या घरांपैकी एकात कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने साफसफाईआधी प्रत्येक खोलीत भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो काढले होते. प्रत्येक उपकरणाचा एक फोटो अख्खा आणि एक मागच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा. बाहेर टाकलेल्या सामानाच्या ढिगाचा निराळा. त्या घराचं मोजमाप आणि यादी मी एका बैठकीत उरकली. शेजारच्या घराचं तेवढंच नुकसान होतं, पण तिथे आठवणीवर यादी करावी लागली आणि प्रत्येक वस्तूवर घासाघीस झाली.

बिलं वाहून गेली तर काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. बिल हा एकच पुरावा नसतो. ऑनलाइन खरेदीची ऑर्डर, कार्डाचं स्टेटमेंट, वॉरंटीची नोंदणी चालते. गणपतीचे आणि वाढदिवसाचे फोटोही चालतात. आरतीच्या फोटोत मागे शोकेस, टीव्ही, शिलाई मशीन सगळं दिसतं. तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत जरूर घ्या, तारीख आणि पाण्याची उंची यासाठी ती फार कामाची. पंचनाम्यावर मिळणारी सरकारी मदत ही मदत असते, नुकसानाची भरपाई नव्हे, तेव्हा तिच्या भरवशावर विमा टाळू नका. जुन्या वस्तूचे पैसे नव्या वस्तूच्या दराने देणार की घसारा, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत, वजा करून, हे मात्र पॉलिसी घेतानाच लेखी विचारून ठेवा.

नुकसान झाल्याबरोबर कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर कळवा आणि क्लेम नंबर घ्या, सफाई त्यानंतर. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. मोठ्या पुरात हे वेळापत्रक ताणतं, पण तारखा तुमच्याकडे लिहिलेल्या असल्या की पाठपुरावा जोरात करता येतो. सर्व्हेअरशी भांडू नका, त्याला कागद द्या. आणि त्याने काय काय मागितलं ते मेलवर मागून घ्या, तोंडी मागणीला तारीख नसते. निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा, मग ‘बीमा भरोसा’ या नियामकाच्या तक्रार पोर्टलवर, आणि तरीही अडलं तर विमा लोकपालाकडे. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही.

तुम्ही पॉलिसी घेतलीत तर चिपळूणच्या घराचे कागद, फोटो आणि सामानाची यादी चिपळूणच्या कपाटात ठेवू नका. एक प्रत मेलवर टाका, एक पुण्याला ठेवा, आणि पॉलिसी नंबर भावाच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या.